बाजी कायम

1983 च्या आषाढात माझी बदली झाशी जिल्ह्यातील एका महसुली न्यायालयात झाली, आणि न्यायालयाच्या गावी राहण्याजोगे घर न मिळाल्यामुळे मी बिऱ्हाड केले ते गुरसरायला. रोज सकाळी बसने कचेरी गाठावी, दिवसभर हाकिमापुढे मिसली मांडाव्यात, पक्षकारांची नावे पुकारली जात असता हजेरी-गैरहजेरी टिपून घ्यावी, पुढच्या पेशीची तारीख द्यावी, आणि दिवे लागायच्या सुमारास धुळीने माखून परत यावे, असा पेशकाराचा दिनक्रम होता. त्यात बुद्धीला काम थोडे आणि सहनशीलतेला फार.

गुरसरायचे नाव महाराष्ट्रातल्या पुष्कळ वाचकांना अपरिचित असेल. परंतु अठराव्या शतकात ज्या मराठी घराण्यांची मुळे बुंदेलखंडात रुजली, त्यांच्या लेखी ते परके गाव नव्हे. रत्नागिरीकडच्या नेवऱ्याचे गोविंद बल्लाळ खेर पेशव्यांच्या वतीने या मुलुखाचा कारभार पाहावयास आले, गोविंदपंत बुंदेले म्हणून इतिहासात नोंदले गेले, आणि त्यांच्याच वंशातील एका शाखेकडे पुढे गुरसरायची जहागीर राहिली. जहागिरी गेल्या, 1952 साली जमीनदारीही गेली. परंतु दफ्तरे सांभाळणाऱ्या काही घरांतून मराठी भाषा, गणपती आणि पुरणपोळी एवढे मात्र शिल्लक उरले. अशाच एका घराच्या ओसरीवर माझी दिवाणजींशी गाठ पडली. त्यांच्या घराण्यात प्रत्यक्ष दिवाणगिरी कोणी केली होती की नाही, हे मी कधी विचारले नाही. सारा गाव त्यांना दिवाणजी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. वय सत्तरीच्या पुढे, अंगात बंडी, शेजारी पानाचा डबा, आणि पुढ्यात कापडावर शिवलेला बुद्धिबळाचा पट, ज्याची पांढरी घरे तपकिरी झाली होती आणि काळी घरे राखी, त्यामुळे कंदिलाच्या उजेडात कोणते घर कोणत्या रंगाचे हे नवख्याला मोजूनच ठरवावे लागे.

मला बुद्धिबळाचा अभिमान होता, आणि तो लपविण्याचे मला कधी जमले नाही. झाशीला रेल्वेतल्या मंडळींत बसून मी तरुणपणी पुष्कळ खेळलो होतो. पहिल्या दहा खेळ्यांत एखादे प्यादे फेकून द्यावे, उंट आणि घोडे मोकळे करावेत, आणि प्रतिपक्षाचा राजा किल्ल्यात जाण्यापूर्वी त्याच्यावर चालून जावे, ही माझी रीत. पहिल्याच संध्याकाळी मी तसा चालून गेलो. दिवाणजींनी फेकलेले प्यादे घेतले, दोन खेळ्यांनी ते परत देऊन टाकले, वजीर वजिराशी मारून घेतला, एकेक मोहरे शांतपणे जुळवून कमी केले, आणि तासाभराने पटावर दोन राजे, दोन हत्ती आणि एकमेकांना नाक लावून उभी असलेली प्यादी एवढेच उरले, तेव्हा पान जुळवीत म्हणाले, "बाजी कायम, पेशकारसाहेब."

हा 'कायम' शब्द मला कचेरीतून परिचित होता. अपिलात खालच्या कोर्टाचा हुकूम उचलून धरला गेला की तो 'कायम' झाला असे आम्ही लिहीत असू. परंतु फारसी वळणाच्या जुन्या बुद्धिबळात अनिर्णित राहिलेल्या डावाला कायम म्हणत, हे मला दिवाणजींकडून कळले. त्यांच्या तोंडी असे आणखीही शब्द होते. प्रतिपक्षाची सगळी मोहरी मारली जाऊन राजा एकटाच उरला की 'बुर्ज' झाली म्हणावयाचे, आणि तसा विजय पुरा विजय गणावयाचा नाही. नि:शस्त्राला घेरण्यात मर्दुमकी कसली, असा त्यामागचा भाव. प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरांची मोकळीक देणारा इंग्रजी नियम त्यांनी माझ्याखातर मान्य केला होता, पण मनापासून नव्हे. "धावत सुटायची घाई प्याद्यालाही झाली," एवढाच त्यांचा शेरा.

त्या पहिल्या संध्याकाळी मला राग आला नाही. वृद्ध मनुष्य आहे, हरण्यास भितो, असे म्हणून मी मनातल्या मनात उदार झालो. पाचव्या-सहाव्या संध्याकाळी ते औदार्य संपले. दिवाणजी हरत नसत, जिंकत नसत, आणि यांपैकी कशाचीही त्यांना खंत नसे. मी एका बाजूने हल्ला केला की ते त्या बाजूची प्यादी अडकवून ठेवीत. दुसऱ्या बाजूने केला की मोहरी मारून घेत. आणि अगदीच कोंडीत सापडले तर कुठून तरी एक हत्ती किंवा वजीर बाहेर काढून माझ्या राजाला शहावर शह देत सुटत, तोच राजा, तीच दोन घरे, तोच शह, तीनदा तीच स्थिती. बुंदेलखंडात टेकडीटेकडीवर गढ्या आहेत. दिवाणजी पटावर तशी गढी बांधीत. आत दाणागोटा फारसा नसे, तोफही नसे. पण दरवाजा बंद असे, आणि तो फोडण्याजोगे माझ्यापाशी काही उरणार नाही याची तजवीज त्यांनी अगोदरच केलेली असे.

एक डाव मी विसरू शकलेलो नाही. शेवटी माझ्याकडे राजा, एक उंट आणि एक प्यादे होते. दिवाणजींकडे नुसता राजा. एखाद्या पोराला विचारले असते तरी त्याने मीच जिंकलो असे सांगितले असते. परंतु माझे प्यादे पटाच्या अगदी कडेच्या ओळीतले होते, ते जिथे वजीर होणार ते कोपऱ्यातले घर काळे होते, आणि माझा उंट पांढऱ्या घरांवरून चालणारा होता. दिवाणजींचा राजा संथपणे त्या कोपऱ्यात जाऊन बसला. माझा उंट साऱ्या पटावर हिंडू शकत होता, फक्त त्या एका घराकडे बोट दाखविण्याची त्याला शक्ती नव्हती; जवळ जावे तर राजाला हलावयास घर उरत नाही आणि शह नसताना कोंडी होते, दूर राहावे तर तो कोपऱ्यातल्या कोपऱ्यात ये-जा करतो. मी पाऊण तास प्रयत्न केला. त्या पाऊण तासात दिवाणजींनी तीन पाने खाल्ली, सूनबाईंना दूध विरजण्याची आठवण केली, आणि पावसाने यंदा हात दिला तर हरभरा बरा येईल असे मत दिले. त्यांच्या राजाच्या खेळ्यांना विचार लागतच नव्हता. विचार सगळा मला करावा लागत होता, आणि त्यातून निष्पन्न काहीच होत नव्हते. त्या रात्री घरी येऊन मी जेवलो नाही.

पुढचा टप्पा अर्थातच पराभवाचा होता. बरोबरी टाळावयाचीच असा निश्चय करून बसलेला मनुष्य ज्या चुका करतो, त्या सगळ्या मी क्रमाने केल्या. हत्तींच्या एका अंतिम डावात माझे एक प्यादे अधिक होते. तीच स्थिती तिसऱ्यांदा येऊ नये म्हणून मी माझा राजा सरळ वाटेवरून काढून आडवाटेला नेला, आणि चार खेळ्यांनी माझेच प्यादे पडले, मग दुसरे पडले, आणि मी हरलो. जिंकल्यावर दिवाणजींचा चेहरा काहीसा ओशाळला, एखाद्याने नको असलेली वस्तू आग्रहाने हातात कोंबावी तसा. "आपण उठलात, म्हणून मला बसायला जागा झाली," ते म्हणाले. हे वाक्य सांत्वनाचे होते की टोमण्याचे, याचा निर्णय मी बसमध्ये झाशीकडच्या शेतांकडे पाहत पुष्कळ वेळा केला आणि पुष्कळ वेळा फिरविला.

1984 च्या सप्टेंबरात मॉस्कोत अनातोली कार्पोव्ह आणि गॅरी कास्पारोव्ह यांची जगज्जेतेपदाची लढत सुरू झाली. गुरसरायला हिंदी वर्तमानपत्र दुपारच्या बसने येई. कधी त्यात कोपऱ्यात चार ओळी असत, कधी नसत. अटी मोठ्या विलक्षण होत्या. जो सहा डाव जिंकेल तो विजेता. बरोबरीचे डाव हिशेबात धरावयाचे नाहीत. आणि एकूण डावांना मर्यादा नाही. तेहतीस वर्षांच्या कार्पोव्हने पहिल्या नऊ डावांतच चार जिंकले. एकवीस वर्षांचा कास्पारोव्ह हा तर हल्ल्याचा मूर्तिमंत अवतार म्हणून प्रसिद्ध. मी मनाने त्याचा पक्षपाती. पण चार डाव गेल्यावर या अवताराने काय करावे? तो गढीत शिरला. दहाव्या डावापासून सव्विसाव्यापर्यंत ओळीने सतरा डाव बरोबरीत सुटले. मला ते वाचून संताप येई, आणि दिवाणजींना मात्र त्या पोराविषयी दिवसेंदिवस ममत्व वाटू लागले. सत्ताविसावा डाव जिंकून कार्पोव्ह पाचावर पोहोचला तेव्हा मी पेपर त्यांच्यापुढे ठेवला, ते म्हणाले, "पाच पायऱ्या चढून गेला खरा, पण सहावीवर दार आहे आणि आतून कडी आहे."

ती कडी निघाली नाही. पुन्हा बरोबऱ्या, मग कास्पारोव्हचा एक विजय, पुन्हा चौदा बरोबऱ्या, कार्पोव्ह खंगत चालल्याच्या वार्ता, आणि सत्तेचाळिसावा व अठ्ठेचाळिसावा हे दोन्ही डाव कास्पारोव्हने जिंकल्यानंतर 15 फेब्रुवारी 1985 रोजी जागतिक संघटनेचे अध्यक्ष काम्पोमानेस यांनी लढत निकालावाचून थांबविली. अठ्ठेचाळीस डावांपैकी चाळीस बरोबरीत! पाच महिने दाव्याची सुनावणी होऊन मिसल परत पाठविली जावी, तसा प्रकार. त्याच वर्षी नव्याने, चोवीस डावांची मर्यादा घालून लढत झाली आणि कास्पारोव्ह जगज्जेता झाला. येथे थोडे पुढचे सांगून टाकतो. 2000 साली लंडनला व्लादिमीर क्रामनिकने याच कास्पारोव्हला पंधरा डावांत एकही डाव जिंकू दिला नाही. पांढऱ्या मोहऱ्यांनी कास्पारोव्ह आला की क्रामनिक अनेकदा बर्लिन बचावात आठव्या खेळीपर्यंत वजीर मारून घेई आणि मग कोरडा, रसहीन वाटणारा खेळ तासन्‌तास चाले. स्वतः दोन डाव जिंकून, उरलेले तेरा बरोबरीत ठेवून क्रामनिकने राज्य घेतले. तेव्हा मी निवृत्तीनंतर झाशीला राहत होतो. ती बातमी वाचताना कास्पारोव्हचे त्या सुमाराचे मुखमंडल मला न पाहताही दिसत होते, कारण तसलेच मुखमंडल घेऊन मी गुरसरायच्या ओसरीवरून कितीदा तरी उतरलो होतो.

पंच्याऐंशीच्या संक्रांतीला, मॉस्कोतले बरोबऱ्यांचे सत्र चालू असतानाच, आमचा मोठा वाद झाला. मी तिळगूळ घेऊन गेलो होतो. संक्रांत म्हटले की त्या घरी पानिपताचा विषय निघावयाचाच. गोविंदपंत त्यांना घरचे. दिवाणजींचे म्हणणे असे की, सदाशिवरावभाऊ आणि अब्दाली सुमारे अडीच महिने समोरासमोर तळ देऊन बसले होते, तो खरा बुद्धिबळाचा डाव होता. गोविंदपंतांना अब्दालीची रसद तोडण्याच्या कामगिरीवर सोडले होते. ती तुटली असती तर त्याला बसवले नसते, तो उठला असता, आणि जो उठतो तो चुकतो. परंतु डिसेंबरात गोविंदपंत अचानक छाप्यात सापडून मारले गेले, आणि बसण्याची शक्ती इकडून तिकडे गेली.

"मग 14 जानेवारीला भाऊसाहेब उठले," दिवाणजी म्हणाले.

मी म्हणालो, "उठले नाहीत, दिवाणजी. भुकेने उठवले. उपाशी फौजेला धीराचे माहात्म्य सांगून काय उपयोग?"

"तेच तर," ते म्हणाले. "आपण रोज उपाशीच येता पटावर."

त्या वेळी मी तिळगुळाचा डबा तसाच ठेवून निघून आलो. पण ते बोलणे पाठ सोडीना, आणि त्याचा अर्थ मला लागला तो कचेरीत, फार सामान्य रीतीने. दाखिल-खारिजचे, म्हणजे जमिनीच्या खात्यावरचे नाव बदलण्याचे, एक प्रकरण पेशीवर होते. असली प्रकरणे आमच्याकडे नित्याची. खतौनीवर नाव एकाचे, आणि शेतात वर्षानुवर्षे नांगर दुसऱ्याचा. कागदवाला प्रत्येक तारखेला येई, तावातावाने बोले, मला, वकिलाला, चपराशाला, ऐकेल त्याला कागद दाखवी. कब्जेदार सावलीत बिडी ओढीत बसे. त्याला निकालाची घाई नव्हती. त्याच्या वकिलाने मोहलत मागितली काय, न मागितली काय, संध्याकाळी तो त्याच शेताकडे परत जाणार होता. तारीख पडली की दोघांची सारखीच पडे, दोघांच्या नावापुढे मी सारखीच नोंद करी, आणि तरी एक जण लुबाडला गेल्यासारखा परते व दुसरा काही मिळवल्यासारखा. त्या दिवशी कागदवाल्याच्या कपाळावरची शीर पाहताना मला एकाएकी ती ओळखीची वाटली.

बरोबरीत अर्धा-अर्धा गुण दोघांना सारखाच मिळतो, हे गणित खरे असले तरी पटावर बसलेल्या दोघांना ते कधीच सारखे नसते. मी ओसरीची पायरी चढतानाच विजय खिशात घालून चढत असे. मी अधिक खेळलेला, अधिक ग्रंथ वाचलेला, अधिक जलद मोजणारा. म्हणजे खतौनीवर नाव माझे. आणि दिवाणजी कब्जा सोडीत नसत. त्यांनी माझे काहीही घेतलेले नव्हते. जे माझे कधी झालेच नव्हते ते ते मला देत नव्हते, आणि तेवढ्याने मला रात्रीचे अन्न गोड लागत नव्हते. तंत्राच्या दृष्टीनेही पाहिले तर बरोबरीसाठी खेळणाऱ्याचे सामर्थ्य पटावर जितके असते त्याहून अधिक समोरच्याच्या अहंकारात असते. तो स्वतः चूक करीत नाही एवढे पुरेसे असते. बाकीचे काम हा करतो. मात्र दिवाणजींची बाजू मी संपूर्ण मान्य करावी इतका मी तेव्हा निवळलो नव्हतो, आणि आजही नाही. डाव मांडावयाचा तो काही तरी घडावे म्हणून, असे मला वाटते. काहीच न घडू देण्यात प्रावीण्य मिळविणारा मनुष्य खेळाच्या फडात पाहुणा म्हणून येतो आणि यजमानाचे जेवण करपवून जातो.

म्हणून मी एक दुष्ट प्रयोग केला. त्या उन्हाळ्यात एके संध्याकाळी मी त्यांच्यासारखाच खेळलो. प्यादी बंद केली, वजीर मारून घेतला, आणि हत्ती मागच्या ओळीत एका घरातून दुसऱ्यात व दुसऱ्यातून पहिल्यात हलवीत राहिलो. दिवाणजींनीही तेच केले. दहा खेळ्या, पंधरा खेळ्या. कंदिलाभोवती पाखरे गोळा झाली. सूनबाई आत-बाहेर करताना पटाकडे पाहून म्हणाल्या, "मामंजी, हे काल ठेवलेलं तसंच आहे का?" दिवाणजींनी पानाचा डबा उघडला, मिटला, पुन्हा उघडला, आणि मी त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या त्रासिक स्वरात म्हणाले, "पेशकारसाहेब, हे काय खेळणे झाले? आपण काही करत का नाही?"

मी मनापासून हसलो. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र डाव नेहमीसारखा झाला, मी चालून गेलो, त्यांनी दार लावले, आणि दोघांनाही बरे वाटल्याचे लपले नाही. गढीला वेढा घालणारा कोणी नसेल तर ती नुसती पडकी इमारत राहते, हे त्यांनाही ठाऊक असावे.

शेवटचा म्हणून लक्षात राहिलेला डाव 1986 च्या माघातला. माझी पुढची बदली झाली होती, सामान बांधून तयार होते, आणि त्या गडबडीत असेल किंवा निरोपाच्या भावनेने असेल, मी फार बेफिकीर खेळलो. माझा राजा कोपऱ्यात, स्वतःच्याच हत्तीने आणि प्याद्यांनी जवळजवळ कोंडलेला. दिवाणजींचा घोडा जवळ होता. त्यांनी त्या घोड्याच्या डोक्यावर बोट ठेवले आणि तसेच ठेवून पुष्कळ वेळ बसले; दिवाणजी एका खेळीला इतका वेळ घेत नसत. मग बोट उचलले, वजीर पुढे केला, शह दिला, मी राजा हलविला, पुन्हा शह, पुन्हा राजा, पुन्हा शह.

"बाजी कायम," ते म्हणाले, आणि सूनबाईंना चहा टाकावयास सांगितले.

रात्री अंथरुणावर डाव मनात फिरवीत असता मी एकदम उठून बसलो. घोडा त्याच्या अडीच घरांवर पडला असता तर मला मात होती. त्या शहातून राजाला निसटावयास घर नव्हते, आणि घोड्याला मारणारे मोहरे नव्हते. मी तीनदा तपासले. दिवाणजींना ती मात दिसली होती काय? दिसली असेल तर ती त्यांनी का घेतली नाही? निरोप घेणाऱ्या पाहुण्याला हरवू नये अशी रीत म्हणून, की आयुष्यभर कडी लावण्याची सवय झालेल्या हाताला दार उघडता आले नाही म्हणून? पहिले कारण असेल तर मला त्यांची दया नको होती. दुसरे असेल तर मला त्यांचीच दया आली असती, आणि तीही मला नको होती. सकाळची बस सहाची होती. विचारावयाचे राहून गेले.

नव्या गावी पोहोचल्यावर आठवड्याने मी एक पोस्टकार्ड लिहिले. त्यावर पेन्सिलीने ती स्थिती काढली, घोड्याच्या घराला वर्तुळ केले, आणि विचारले, "आपल्या दृष्टीस हे आले होते काय?" उत्तर फाल्गुनात आले. त्यात होते की, गारांनी मसुरीचे नुकसान केले पण हरभरा वाचला; सूनबाईंना नातू झाला; गुडघा दुखतो, झाशीच्या वैद्याचे तेल चालू आहे; माझ्या जागी आलेले पेशकार बुद्धिबळ खेळत नाहीत, पत्ते खेळतात. घोड्याविषयी एक अक्षर नव्हते.